‘एक टनाचा सिंह’ छापण्याआधी: नामशेष मोठ्या मांजरांचा आकार तपासायची रीत

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला की माझ्याकडे तक्ते तपासायला येतात. विषय ठरलेले: तलवारीसारखे सुळे असलेलं स्मायलोडॉन, गुहेतला सिंह, अमेरिकेतला अवाढव्य सिंह. चित्रं छान असतात, मेहनत दिसते आणि वजनाच्या रकान्यात हमखास घोळ असतो. कुठे ९०० किलो, कुठे एक टन, कुठे ‘आजच्या वाघाच्या चौपट’. बहुतेकांची बेरीज-वजाबाकी बरोबर असते, गडबड क्रमात होते. आधी कुठूनतरी आकडा उचलायचा, मग त्याला प्राणी चिकटवायचा आणि हाडापर्यंत जायचंच नाही.

जमिनीत सापडतं ते हाड. किलो आपण काढतो. म्हणून खालच्या पायऱ्या सांगितल्या त्याच क्रमाने चढा. तक्ता असो, लेख असो की व्हिडिओ, रीत तीच.

## तयारी: एक कागद, एक मापदंड

वहीचं एक पान आडवं धरून सात रकाने आखा: शास्त्रीय नाव, कोणतं हाड, कुठे सापडलं, कोणतं माप, वजन काढायची पद्धत आणि साल, आकडा, शेरा. प्रत्येक दाव्याला एक ओळ. ज्या दाव्याचे पहिले पाच रकाने भरत नाहीत, त्याचा सहावा भरायचा नाही. एवढा एक नियम पाळला तरी निम्मा कचरा इथेच गळतो.

दुसरी तयारी म्हणजे तुलनेसाठी एक जिवंत प्राणी पक्का करा आणि शेवटपर्यंत बदलू नका. मी रानातला प्रौढ सिंह (नर) घेतो: वजन १९० किलो, खांद्याशी उंची साधारण १.१५ मीटर, कवटी ३६ सेंटीमीटर. ही सरासरीच्या आसपासची, हिशेबाला सोपी मापं आहेत. एका ओळीत सिंह, दुसरीत पिंजऱ्यातला लठ्ठ लायगर (सिंह आणि वाघीण यांचा संकर) आणि तिसरीत घरची मनी, अशी तुलना केली की वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सगळं किलो आणि सेंटीमीटरमध्ये ठेवा.

सावधान: पौंडांचे किलो करायचं विसरणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे. १९६७ साली उत्तर भारतात मारलेल्या एका प्रसिद्ध वाघाचं नोंदलेलं वजन ८५७ पौंड, म्हणजे ३८८.७ किलो. ‘पौंड’ गळून पडले की तोच वाघ ८५७ किलोचा होतो आणि मग सगळ्या नामशेष मांजरांना त्याच्याशी स्पर्धा करावी लागते.

## १. आधी विचारा: हे मांजर आहे का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण इथेच पहिली विकेट पडते. लांब सुळे असलेला प्रत्येक प्राणी मार्जारकुळातला नसतो. दक्षिण अमेरिकेतल्या थायलॅकोस्मायलसचे सुळे स्मायलोडॉनसारखेच दिसतात, पण तो कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांच्या गोतावळ्यातला. निम्राव्हिड आणि बार्बोरोफेलिस मांजरासारखे दिसले तरी खऱ्या मांजरांत धरले जात नाहीत.

सगळ्यात फसवं नाव सिंबाकुब्वाचं. स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘मोठा सिंह’. केनियातल्या मेस्वा ब्रिज इथे मिळालेली त्याची हाडं नैरोबीच्या संग्रहालयातल्या खणात कित्येक वर्षं पडून होती. २०१९ मध्ये त्यांचं वर्णन छापून आलं आणि ‘दोन कोटी वर्षांपूर्वीचा महाकाय सिंह’ सगळीकडे फिरायला लागला. प्रत्यक्षात तो हायनोडोंट नावाच्या वेगळ्याच, पूर्ण नष्ट झालेल्या गटातला. सिंहाशी नातं फक्त नावापुरतं. हा प्राणी पुढे पाचव्या पायरीवर पुन्हा भेटेल, लक्षात ठेवा.

मराठीत आणखी एक खड्डा आहे. आपल्याकडे गावात ‘वाघ आला’ म्हटलं की बहुतेक वेळा तो बिबट्या असतो, पट्टेवाल्याला वेगळं ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या’ म्हणावं लागतं. बोलण्यात हे चालतं. पण हाच सैलपणा घेऊन ‘तलवारदंती वाघ’ लिहिलं की मुलं स्मायलोडॉनला वाघाचा आजोबा समजतात. पहिल्या रकान्यात शास्त्रीय नावच लिहा, टोपणनाव हवं तर कंसात.

तपासा: नावात प्रजाती आणि जात दोन्ही आहेत का? नुसतं ‘स्मायलोडॉन’ पुरत नाही. स्मायलोडॉन ग्रॅसिलिस ५५ ते १०० किलोचा, फॅटॅलिस १६० ते २८० किलोचा, पॉप्युलेटर २२० ते ४०० किलोचा. पहिला बिबट्या-जॅग्वारच्या मापाचा, तिसरा सिंहाला मागे टाकणारा. ‘स्मायलोडॉनचं वजन किती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही.

## २. हाड कुणाचं?

लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या नैसर्गिक डांबराच्या डबक्यांत २,००० हून जास्त स्मायलोडॉनचे अवशेष मिळाले. एवढा साठा आहे म्हणजे सगळं स्वच्छ असेल असं वाटतं. पण डांबरात हाडं एकमेकांत मिसळतात. संग्रहालयात उभा दिसणारा सांगाडा साधारणपणे अनेक प्राण्यांची हाडं जुळवून केलेला असतो. त्याच्या फोटोवरून खांद्याची उंची मोजणं म्हणजे एकाचा सदरा आणि दुसऱ्याची पँट मोजून तिसऱ्याचं वय काढण्यासारखं.

वय हा दुसरा मुद्दा. सैबेरियाच्या याकुतियात सेम्युएल्याख नदीकाठी गुहासिंहाची दोन पिल्लं गोठलेल्या जमिनीत सापडली, बोरिस २०१७ मध्ये आणि स्पार्टा २०१८ मध्ये. जागा एकमेकांपासून फक्त १५ मीटरवर, म्हणून आधी ती भावंडं वाटली. काळ मोजल्यावर स्पार्टा सुमारे २८,००० वर्षांपूर्वीची निघाली आणि बोरिस सुमारे ४३,००० वर्षांपूर्वीचा. पंधरा मीटर आणि पंधरा हजार वर्षं! जवळ सापडलं म्हणून एकाच कुटुंबातलं, एकाच काळातलं किंवा एकाच मापाचं धरू नका. आणि पिल्लावरून प्रौढाचं वजन काढायच्या भानगडीत पडू नका.

सावधान: अवशेष बनावटही असू शकतात. चीनमधली एक ‘आद्य चित्त्या’ची कवटी २००८ च्या अखेरीस अ‍ॅसिनोनिक्स कुर्टेनी या नव्या नावाने एका नामांकित नियतकालिकात आली. ती तुकडे जुळवून बनवलेली निघाली आणि २०१२ मध्ये शोधनिबंध मागे घेतला गेला. जुन्या याद्यांमध्ये ते नाव अजून सापडतं, म्हणून प्रत्येक नावापुढे ‘मागे घेतला’ हे शब्द टाकून एकदा शोधून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

## ३. माप कोणतं आणि कुठून कुठपर्यंत?

‘कवटीची लांबी’ ही एक नसते, निदान दोन असतात. एक अगदी पुढच्या टोकापासून मागच्या हाडाच्या कंगोऱ्यापर्यंत, म्हणजे कमाल लांबी. दुसरी पुढच्या टोकापासून मणक्यावर टेकणाऱ्या दोन गाठींपर्यंत. मोठ्या नराचा मागचा कंगोरा चांगलाच बाहेर आलेला असतो, त्यामुळे पहिली लांबी जास्त भरते. समीकरण दुसऱ्या लांबीचं आणि माप पहिलीचं घातलं की वजन आपोआप फुगतं.

सुळ्यांचंही तसंच. स्मायलोडॉन पॉप्युलेटरचा मोठा सुळा २८ सेंटीमीटरपर्यंत भरतो, पण मुळासकट. मूळ जबड्यात रुतलेलं असतं. अख्खे २८ सेंटीमीटर ओठाबाहेर काढलेले सुळे मी दरवर्षी बघतो. तो प्राणी बिचारा तोंड मिटणार कसा?

फोटोवरून मोजायचं असेल तर असं करा. फोटोत मापपट्टी आहे ना, आधी बघा. नसेल तर तो फोटो मोजायला निरुपयोगी. असेल तर पडद्यावर फूटपट्टी लावून पट्टी मोजा, मग कवटी. समजा १० सेंटीमीटरची पट्टी पडद्यावर ४.२ भरली आणि कवटी १४.७. तर १४.७ भागिले ४.२, गुणिले १०, म्हणजे ३५ सेंटीमीटर. मध्येच फोटो लहान-मोठा केला तर दोन्ही मापं पुन्हा घ्या. पट्टी कवटीच्या पुढे, कॅमेऱ्याजवळ ठेवली असेल तर ती प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते आणि कवटी लहान निघते, मागे ठेवली असेल तर उलट.

पूर्ण प्राण्याच्या लांबीबाबत शिकारींच्या जुन्या नोंदींतला एक धडा उपयोगी पडतो. मेलेला वाघ जमिनीवर सरळ ठेवून नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंटी ठोकायची आणि खुंट्यांमधलं अंतर मोजायचं, ही एक पद्धत. पाठीच्या वळणावरून टेप फिरवायची, ही दुसरी. वरच्या १९६७ च्या वाघाची खुंट्यांमधली लांबी ३.२२ मीटर होती आणि वळणावरून ३.३७ मीटर. वाघ तोच, टेपही तीच, फरक १५ सेंटीमीटर. पद्धत न सांगितलेल्या लांबीला म्हणूनच भाव देऊ नका.

## ४. सरळ घन करून बघा, पण तिथेच थांबू नका

आता किलो. सगळ्यात ढोबळ हिशेब असा: दोन प्राण्यांची ठेवण सारखी असेल तर वजन लांबीच्या घनाने वाढतं. हाड १० टक्के लांब, तर वजन १.१ × १.१ × १.१ = १.३३१ पट. आपल्या १९० किलोच्या सिंहाचे होतात साधारण २५३ किलो. अमेरिकन सिंह, म्हणजे पँथेरा अ‍ॅट्रॉक्स, याच्या नराची सरासरी २००९ च्या एका अभ्यासात २५६ किलो आणि सर्वांत मोठ्या नमुन्याचा अंदाज ३५१ किलो आला होता. म्हणजे ‘राक्षसी’ हा शब्द जिथे चिकटतो तिथे प्रत्यक्षात हाडामागे काही टक्क्यांची वाढ असते.

याच घनामुळे छोटी चूकही मोठी होते. लांबीत ३ टक्के चुकलात की वजनात ९ टक्के. म्हणून तिसऱ्या पायरीवर एवढं रेंगाळलो.

पण ‘ठेवण सारखी असेल तर’ हे शब्द विसरू नका. स्मायलोडॉनची ठेवण सिंहाची नाही. पुढचे पाय आखूड आणि दणकट, छाती रुंद, शेपूट तोकडं. त्याच्या दंडाच्या हाडाची नुसती लांबी घेतली तर वजन कमी निघेल, जाडी घेतली तर जास्त. त्या हाडाची जाडी केवळ अंगाचं ओझं पेलायला नव्हती, भक्ष्याला जमिनीवर दाबून धरायलाही होती.

## ५. समीकरण कुणावरून बनवलं, ते शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

संशोधक जिवंत प्राण्यांची हाडं आणि वजनं घेऊन समीकरण बांधतात आणि त्यात नामशेष प्राण्याचं माप घालतात. उत्तर हाडाइतकंच समीकरणावर अवलंबून असतं. विल्यम अन्योंगे यांनी १९९३ मध्ये पायांच्या हाडांवरून स्मायलोडॉन फॅटॅलिसचं वजन ३४७ ते ४४२ किलो काढलं. पेर क्रिस्टियान्सेन आणि जॉन हॅरिस यांनी २००५ मध्ये हातापायांच्या हाडांची ३६ वेगवेगळी मापं वापरली आणि त्याच जातीचं वजन १६० ते २८० किलोवर आलं. प्राणी तोच, डांबरही तेच. तुमच्या तक्त्यात ४४० किलो असेल तर तो आकडा १९९३ चा असण्याची दाट शक्यता आहे. तो खोटा नाही, पण पुढचं काम न वाचता छापलेला आहे.

आता सिंबाकुब्वा. त्याच्या दाढेचं माप एका समीकरणात घातलं तर २८० किलो येतं. मोठ्या मांजरांच्या समीकरणात घातलं तर १,३०० किलोच्या वर आणि सगळ्या मांसाहारींच्या सरसकट समीकरणात १,५०० किलोच्या वर. २८० चा आकडा त्याच्या स्वतःच्या गटासाठी बांधलेल्या समीकरणाचा आहे. हायनोडोंटांची डोकी आणि दाढा अंगाच्या मानाने मोठ्या असत, त्यामुळे मांजराच्या सूत्रात त्यांची दाढ घातली की ढेकळाचा डोंगर होतो. बातम्यांत अर्थातच दीड टनच आला.

तपासा: एक, समीकरण कोणत्या गटावरून बांधलं आहे? दोन, आपला प्राणी त्या गटातला आहे का? तीन, समीकरण ज्या मापांवर बांधलं त्यांच्या पलीकडचं माप तर आपण त्यात घालत नाही ना? तिन्हींची उत्तरं मिळाली तर पाचवा रकाना भरा.

एकाच हाडावरचा अंदाज आणि अनेक हाडांवरचा अंदाज यांना सारखं महत्त्व देऊ नका. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मॅकायरोडस लाहायिशूपुप या तलवारदंती मांजराच्या जातीचं वर्णन झालं. तिचा मुख्य आधार दंडाच्या हाडाचा, विशेषतः कोपराकडच्या टोकाचा होता, पण एकाहून जास्त नमुन्यांचा. अंदाज सरासरी २७४ किलो, मोठ्यातला मोठा ४१० च्या आसपास. अशा ठिकाणी दोन्ही आकडे लिहायचे.

## ६. उलटी चाचणी

कुणीतरी पाठवलेला आकडा पटकन तपासायचा असेल तर गणित उलटं करा.

‘एक टनाचा सिंह’ घ्या. १,००० भागिले १९० म्हणजे ५.२६. याचं घनमूळ काढा. कॅल्क्युलेटरवर घनमूळ नसेल तर अंदाजाने: १.७ चा घन ४.९, १.७५ चा घन ५.३६, म्हणजे उत्तर १.७४ च्या आसपास. आता सिंहाची सगळी मापं १.७४ ने गुणा. खांद्याशी उंची दोन मीटर, कवटी ६३ सेंटीमीटर. मार्जारकुळातल्या ज्ञात कवट्यांपैकी मोठ्यात मोठ्याही अर्ध्या मीटरच्या आत आहेत. तेव्हा पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: ‘कवटी दाखव.’

ही चाचणी धोक्याची घंटा आहे, निकाल नव्हे. उरुग्वेतल्या एका स्मायलोडॉन पॉप्युलेटरच्या कवटीवरून २०२० मध्ये ४३६ किलोचा अंदाज आला. सिंहाच्या साच्याने ४३६ किलोला ४७ सेंटीमीटरहून लांब कवटी लागेल, पण ती कवटी आहे ३९ सेंटीमीटरची. घंटा वाजली. मग बघायचं की का वाजली: कवटीच्या मानाने स्मायलोडॉनचं धड फार भरलेलं, म्हणून सिंहाचा साचा त्याला बसत नाही. तरी हा एकाच मोठ्या प्राण्याचा अंदाज आहे, हे शेऱ्यात लिहायलाच हवं.

## ७. सरासरीला सरासरी, कमालला कमाल

जावा बेटावरच्या न्गांडोंग वाघाचा कमाल अंदाज ४७० किलो आहे. तो आजच्या वाघाच्या सरासरीशेजारी ठेवला की तो अडीचपट दिसतो. ही लबाडी आहे, नकळत केली तरी. एकाच्या वर्गातला पहिला आणि दुसऱ्याच्या वर्गातला मधला अशी तुलना कुठल्याच शिक्षकाला चालणार नाही.

कमाल आकड्यांनाही पोट असतं. १९६७ च्या त्या वाघाने मरण्याआधी म्हैस खाल्ली होती. भुकेला वाघ एका बैठकीत वीस-पंचवीस किलो सहज उडवतो, ते काट्यावर दिसतंच.

## ८. वंशवृक्ष काढताना शिडी काढू नका

तक्त्यावर नेहमीचा प्रकार म्हणजे डावीकडे छोटं मांजर, मग मोठं, मग स्मायलोडॉन, मग वाघ, मध्ये बाण. तो खोडून टाका.

क्रम असा लावा. बुंध्याशी प्रोएल्युरस: सुमारे अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा, युरोपातला, घरच्या मांजरापेक्षा जरासा मोठा. तिथून साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी दोन फांद्या फुटतात. एका फांदीवर तलवारदंती: मॅकायरोडस, होमोथेरियम, स्मायलोडॉन. ही फांदी पूर्ण तुटली, तिच्या टोकाला आज कुणी नाही. दुसऱ्या फांदीवर आजची सगळी मांजरं. तिच्यावर सिंह-वाघ-बिबट्यांचा फाटा सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वी वेगळा होतो. म्हणजे वाघाला स्मायलोडॉनपेक्षा मनी जवळची.

मोठेपणाही सरळ रेषेत वाढला नाही. तिबेटमधली पँथेरा ब्लायथी ही या फाट्यावरची फार जुनी जात, पण ती लहानखुरी. चीनच्या गान्सू प्रांतातल्या वीस लाखांहून जास्त वर्षं जुन्या पँथेरा झ्डान्स्कीची कवटीही आजच्या बहुतेक वाघांपेक्षा लहान. स्मायलोडॉनच्या फांदीत मात्र ग्रॅसिलिसपासून पॉप्युलेटरपर्यंत चढ दिसतो. प्रत्येक फांदीला तिचा स्वतंत्र आलेख द्या.

## ९. चित्राचं प्रमाण

हा धडा मी स्वतः चुकून शिकलो. एका शाळेच्या तक्त्यावर २०० किलोचा सिंह आणि ४०० किलोचा स्मायलोडॉन काढायचा होता. वजन दुप्पट म्हणून मी चित्र दुप्पट उंच आणि दुप्पट लांब केलं. शेजारी माणसाची आकृती होती. पाचवीतली एक मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, हा माणूस त्याच्या पोटाखालून जाईल ना? हत्ती आहे का हा?’’

दुप्पट उंच, दुप्पट लांब, दुप्पट रुंद म्हणजे आठपट वजन. वजन दुप्पट असेल तर उंची-लांबी फक्त १.२६ पट वाढवायची, तीही ठेवण सारखी असेल तर. स्मायलोडॉनच्या बाबतीत खांद्याची उंची सिंहाच्या जवळपासच ठेवा आणि फरक छातीत, मानेत, पुढच्या पायांत दाखवा.

शेपटीसकट लांबीची तुलना टाळा. वाघाच्या एकूण लांबीत शेपटीचाच मीटरभर भाग असू शकतो, स्मायलोडॉनला जेमतेम तोकडी शेपूट. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतचीच लांबी दोघांची लावा.

केस आणि कान कसे काढायचे हे बऱ्याचदा हाडावरून कळत नाही, पण होमोथेरियमला एक आधार मिळाला आहे. याकुतियातल्या बाद्यारिखा नदीकाठी गोठलेलं तीन आठवड्यांचं पिल्लू सापडलं आणि २०२४ मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं. त्याच वयाच्या सिंहाच्या पिल्लापेक्षा त्याची मान जाड, पुढचे पाय लांब, कान लहान, केस गडद तपकिरी. पिल्लू काढायचं असेल तर हे तपशील घ्या, प्रौढ काढायचा असेल तर रंगाखाली ‘कल्पित’ लिहा.

## भरलेली एक ओळ, नमुन्यादाखल

शास्त्रीय नाव: स्मायलोडॉन पॉप्युलेटर.
हाड: कवटी, एकच.
कुठे: उरुग्वेचा नैर्ऋत्य भाग, १९८९ मध्ये सापडली.
माप: लांबी ३९ सेंटीमीटर.
पद्धत आणि साल: कवटीच्या मापावरून समीकरण, २०२०.
आकडा: ४३६ किलो.
शेरा: एका मोठ्या प्राण्याचा अंदाज. जातीसाठी २२० ते ४०० किलो लिहावं (२००५, हातापायांची हाडं). तक्त्यावर खांद्याची उंची १.२ मीटर, माणसाच्या आकृतीच्या छातीखाली.